पंडिता रमाबाई : मुक्तीची पायवाट

महाराष्ट्राबाहेर जन्माला येऊन ज्यांनी मराठी समाजजीवनावर आपली मुद्रा उमटविली, अशा व्यक्तींची नामावळी सिद्ध करावयाची झाल्यास पंडिता रमाबाईंचे नाव तीत अग्रभागी घ्यावे लागेल. कानडी मुलखातील सह्याद्रीच्या रानात जन्म, दक्षिणेपासून काश्मीरपर्यंतची पायपीट, कलकत्त्यात विद्वत्सभेचा सन्मान, आसामात अल्पकाळचा संसार आणि मग पुणे, असा त्यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध आहे. पुण्यात येऊन त्या राहिल्या तेव्हा त्यांच्या वयाला चोवीस वर्षे पूर्ण होत होती. एवढ्या वयात त्यांनी जे सोसले होते, ते एखाद्याच्या संपूर्ण आयुष्याला पुरून उरावे इतके होते.

रमाबाईंचे चरित्र बहुधा दोन प्रकारांनी सांगितले जाते. समाजसुधारणेचा इतिहास लिहिणारे त्यांना शारदा सदनापर्यंत आणून सोडतात. धर्मप्रसाराचा इतिहास लिहिणारे त्यांच्या बाप्तिस्म्यापासून आरंभ करतात. दोघांच्याही हाती अर्धे चरित्र लागते. आधीच्या उपासमारीवाचून नंतरची श्रद्धा समजत नाही आणि नंतरच्या श्रद्धेवाचून केडगावच्या माळावरील कार्याचा उलगडा होत नाही. दुःखाने माणूस ईश्वराकडे वळतो असे आपण सहज म्हणून जातो. रमाबाईंच्या बाबतीत आरंभी नेमके उलटे घडले. दुःखाने त्यांचा देवावरील विश्वास प्रथम हिरावून घेतला. तो परत मिळाला तो फार उशिरा, निराळ्या रूपात, आणि त्याची किंमतही त्यांना पुरेपूर मोजावी लागली.

रानातील पाठशाळा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मूळचे मंगळूरकडील माळहेरंजी गावचे. तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी त्यांचे अध्ययन झाले. पेशव्यांच्या वाड्यात एका राजस्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून, आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. प्रथम पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. तिच्या निधनानंतर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, यात्रेत गोदावरीकाठी भेटलेल्या एका ब्राह्मणाच्या नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचा दुसरा विवाह झाला. याच लक्ष्मीबाई. शास्त्रीबुवांनी त्यांना संस्कृत शिकविले तेव्हा गावात गहजब झाला. उडुपीच्या धर्मसभेपुढे शास्त्रीबुवांना उभे राहावे लागले. स्त्रियांना काव्यपुराणांचे अध्ययन निषिद्ध नाही, हे त्यांनी शास्त्राधारे सिद्ध करून दाखविले. सभेने त्यांना दोषी ठरविले नाही, तरी लोकांच्या मनातील किल्मिष गेले नाही. तेव्हा ते पत्नीसह गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथील आश्रमात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आश्रमात विद्यार्थी होते, अतिथी होते. यात्रेकरूंची ये-जा अखंड होती. शास्त्रीबुवांचा हात सढळ. काही वर्षांत जमीनजुमला संपला आणि ऋण झाले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना या कुटुंबाने तीर्थयात्रेसाठी घर सोडले. त्या अर्भकाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून एका माणसाच्या डोक्यावरून नेण्यात आले. मग वर्षानुवर्षे हे कुटुंब एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री फिरत राहिले. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा आणि उरले ते दानधर्मात घालावे, असा त्यांचा क्रम होता. पहाटे उठवून आई रमाबाईंकडून श्लोक म्हणवून घेई. बारा वर्षांच्या वयापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांच्या मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीचा बालविवाह दुःखद ठरल्याने आईवडिलांनी रमाबाईंच्या लग्नाची घाई केली नाही. त्या काळी ही गोष्टही लोकविलक्षणच होती.

अकरा दिवस

मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास लोक येईनात. आले तरी द्यावयाला त्यांच्यापाशी काही नव्हते. शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, दृष्टी गेली होती. भिक्षा मागावी तर मानी स्वभाव आड येई. अंगमेहनत करावी तर तिची सवय नाही आणि जातीचा अभिमानही सोडवत नाही. उरलेसुरले दागिने, भांडी, रेशमी वस्त्रे विकली गेली. त्यातूनही ब्राह्मणांना दक्षिणा दिली, देवांपुढे अनुष्ठाने केली. देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल ही आशा अखेरपर्यंत सुटली नाही. मग सारे कुटुंब रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर गेले. शास्त्रीबुवांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले आणि एकेकाला जवळ घेऊन निरोप दिला. ते धाकट्या लेकीवर सर्वांत अधिक लोभ करीत. त्या वेळी तिला कवटाळून त्यांनी नीतीने वागण्याचा आणि ईश्वराची सेवा करण्याचा उपदेश केला. पित्याचा तो स्पर्श रमाबाईंना जन्मभर विसरता आला नाही. ऐन वेळी थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री पुढे झाले. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, असे सांगून त्यांनी वडिलांना परावृत्त केले. परंतु आता वेळ निघून गेली होती. १८७४ साली शास्त्रीबुवांचे देहावसान झाले.

थोड्याच अवधीत आईही गेली. प्रेत उचलावयास ब्राह्मण पुढे येईनात. अखेर दोघांना दया आली, तिसरे श्रीनिवासशास्त्री. चौथा खांदेकरी मिळेना म्हणून सोळा वर्षांच्या रमाबाईंनी तिरडी उचलली. उंची कमी असल्याने त्यांचा खांदा पुरेना, म्हणून तो भार त्यांनी डोक्यावर घेतला. स्मशान सुमारे तीन मैल दूर होते. पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही पटकीने दगावली.

उरलेली दोघे भावंडे चालत राहिली. सुमारे चार हजार मैलांचा हा प्रवास बहुतांशी पायी झाला. पंजाबातील थंडीत अंगावर पांघरूण नसल्याने नदीकाठच्या वाळूत खड्डे खणून, तीच वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्री काढल्या. व्रतवैकल्ये चालूच होती, पण मनात प्रश्न उठू लागले होते. हिमालयाच्या बाजूस एका तळ्यात सात पर्वत तरंगतात, आणि निष्पाप यात्रेकरूकडे ते आपण होऊन सरकत येतात, अशी ख्याती त्यांनी ऐकली होती. सुसरींचे भय घालून भाविकांना पाण्यात उतरू दिले जात नसे. श्रीनिवासशास्त्री पहाटे पोहून गेले. तेव्हा ते पर्वत म्हणजे माती आणि दगड यांचे, वर झाडे लावलेले तराफे आहेत आणि त्यांना मागून ढकलणारी माणसे आहेत, असे दिसून आले. शास्त्रांत सांगितलेले सारे यथासांग करूनही आईवडील उपाशी का मेले, या प्रश्नाला आता उत्तर उरले नव्हते. तीर्थे पाहून झाली होती. त्यांवरील श्रद्धा मात्र मागे कोठेतरी गळून पडली होती.

मानपत्रे आणि रिकामे मन

१८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक अविवाहित ब्राह्मणकन्या अस्खलित संस्कृतात बोलते, शीघ्रकाव्य करते, याचे तेथील पंडितांना अपार कौतुक वाटले. त्यांनी परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. काल ज्यांना कोणी अन्न दिले नव्हते, त्यांच्या गळ्यात आज हार पडू लागले.

याच शहरात रमाबाईंनी प्रथम ख्रिस्ती उपासना पाहिली. खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून बसलेली मंडळी पाहून, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे या भावंडांना वाटले. तेथे मिळालेले संस्कृत बायबल त्यांनी चाळले. परंतु त्याची भाषा आणि त्यातील विचार दोन्ही त्यांना परके वाटले. या प्रसंगाचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. बुद्धी दिपून किंवा आमिषाला भुलून त्या ख्रिस्ताकडे वळल्या नाहीत. पहिल्या भेटीत तर त्यांना त्या धर्मात काहीच सापडले नव्हते.

स्त्रियांपुढे व्याख्याने द्यावयाची म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळले; केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून वेदोपनिषदांकडेही त्या वळल्या. ग्रंथांमागून ग्रंथ वाचताना त्यांना जाणवले की शास्त्रकारांची अनेक बाबतींत मतभिन्नता असली तरी स्त्री आणि शूद्र यांच्या अनधिकाराविषयी त्यांचे जवळजवळ एकमत आहे. ज्या विद्येपायी पित्याने वनवास पत्करला, तिच्यातच कन्येला मोक्षाचे दार बंद असल्याचे आढळून आले. ही व्यथा उपासमारीहून वेगळी होती, परंतु कमी तीव्र नव्हती.

१८८० च्या मे महिन्यात श्रीनिवासशास्त्रीही निवर्तले. त्याच वर्षी जून महिन्यात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर जातीचा. त्यामुळे दोघांनाही बहिष्कार पत्करावा लागला. आसामातील सिल्चर येथे त्यांनी संसार मांडला. तेथे बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी पुस्तिका घरातच रमाबाईंच्या हाती लागली आणि एका बाप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी त्या धर्माची माहिती करून घेतली. पतीला मात्र हा विचार रुचला नाही. १८८१ च्या एप्रिलमध्ये कन्या मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या आजाराने बिपिनबाबूंचे निधन झाले. आठ वर्षांत पाच मृत्यू पाहिलेली ही तेवीस वर्षांची विधवा, दहा महिन्यांचे मूल घेऊन महाराष्ट्राकडे निघाली.

पुणे आणि वाँटेज

पुण्यात न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींसाठी स्त्री-शिक्षिका हव्यात आणि हिंदी स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, अशी मागणी त्यांनी मराठीतून केली. स्वतः वैद्यक शिकावे, ही इच्छा याच सुमारास बळावली. पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्चाची तरतूद करून १८८३ साली त्या मनोरमेसह विलायतेस गेल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. वाँटेज येथील मठवासी भगिनींकडे त्या उतरल्या.

धर्म बदलणार नाही असे सांगून त्या निघाल्या होत्या. परंतु लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनींनी चालविलेले पतित स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. जिला सारे जग दाराबाहेर लोटते, तिची शुश्रूषा येथे कुलीन स्त्रिया करीत होत्या. हे कशाच्या बळावर, असे विचारता एका भगिनीने शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीच्या काठी, लोकापवादाला भिऊन एकट्याने पाणी भरावयास आलेल्या त्या स्त्रीशी ख्रिस्त बोलतो आणि ईश्वराच्या उपासनेचे मर्म तिलाच प्रथम सांगतो. कलकत्त्यात ग्रंथोग्रंथी शोधूनही जे सापडले नव्हते, ते रमाबाईंना या कथेत सापडले. काशीचे पंडित असून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोऱ्हे, यांच्या लेखनाने बुद्धीच्या शंका फेडण्यास साह्य केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्याच काळात आनंदीबाई भगत यांनी मनाच्या भ्रमिष्ट अवस्थेत आत्महत्या केली. आपल्यालाही बळाने बाटविले जाईल या भीतीने त्या ग्रासल्या होत्या. परमुलखातील एकुलती एक सखी अशा रीतीने जावी, हा आघात रमाबाईंनी फारसा बोलून दाखविला नाही. इकडे पुण्यात संतापाची लाट उसळली. कालपर्यंत जिला सरस्वती म्हटले, तिला आज कुलबुडवी म्हणण्यात आले. महात्मा फुले यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, परंतु असे पाठीराखे थोडे.

स्वकीयांना दुरावलेल्या रमाबाई परकीयांच्या आज्ञेत राहिल्या, असे मात्र नव्हे. ख्रिस्ताचे देवपण, त्रैक्याचा सिद्धान्त, धर्माधिकाऱ्यांचा अधिकार या विषयांवर त्यांनी गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वर्षानुवर्षे वाद घातला. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी त्यालाही स्पष्ट हरकत घेतली. मांसाहार त्यांनी कधी केला नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड टाकून दुसऱ्याचे घ्यावे, हे त्यांना मान्य नव्हते. या काळात वाढत्या बहिरेपणामुळे वैद्यक शिकण्याची आशा सोडावी लागली.

शारदा सदन

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी बॉस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी दोनच. त्यांपैकी गोदूबाई या बालविधवेने पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई कर्वे होत. १८९० मध्ये सदन पुण्यास आले.

बाहेरून पाहणाऱ्याला हे यशाचे दिवस वाटतील. परंतु रमाबाई अंतर्यामी अस्वस्थ होत्या. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे धर्माचे काम केल्यावर, आपल्याला स्वतःलाच अजून खरी श्रद्धा लाभलेली नाही, हे या गृहस्थाच्या ध्यानी आले होते. वाचता वाचता रमाबाईंना स्वतःचे मन दिसले. आठ वर्षांपूर्वी आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तो बुद्धीने पटलेला धर्म होता. त्या धर्माचा जो स्वामी, त्याच्याशी आपली गाठ पडलेली नाही, असे त्यांना कळून आले. लहानपणी श्लोकांची आवर्तने आणि अनुष्ठाने करून पुण्य जोडण्याचा यत्न होता; आता सत्कृत्ये आणि सिद्धान्त यांच्या बळावर तोच यत्न चालला होता. नाव पालटले होते, जुनी धडपड तशीच होती. आपल्या कर्तृत्वाने तारण होत नाही, ते कृपेने मिळते, आणि ते घेण्यासाठी रिकाम्या हातांनी जावे लागते, ही जाणीव त्यांना या काळात झाली. रिकामे हात कसे असतात हे दुष्काळातील त्या रानात त्यांनी फार लवकर पाहिले होते. तेव्हा तो केवळ पराभव वाटला होता. आता त्याचा निराळा अर्थ लागला.

हा अंतरीचा पालट गुप्त राहणे शक्य नव्हते. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असा नियम होता. तथापि रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली रानडे, भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि वीसांहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. येथे दोन्ही पक्षांची अडचण समजून घेतली पाहिजे. ज्यांनी धार्मिक तटस्थतेचा शब्द समाजाला दिला होता, त्या सुधारकांना आपण तोंडघशी पडलो असे वाटणे स्वाभाविक होते. रमाबाईंच्या दृष्टीने, मुलींवर सक्ती न करणे हा तटस्थतेचा अर्थ. आपली श्रद्धा कुलूपबंद ठेवणे हा नव्हे. समेट झाला नाही. पुण्यातील सुधारकांशी जुळलेला त्यांचा धागा तेथे तुटला, तो पुन्हा तसा जुळला नाही. या तुटीने महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या चळवळीचेही नुकसान झाले.

केडगावचा माळ

१८९६ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडल्याची वार्ता आली. सदनात पन्नास-साठ मुलींचीच सोय होती, हाती शिल्लक बेताची. रमाबाई काही दिवस द्विधा मनःस्थितीत होत्या. पण वीस-बावीस वर्षांपूर्वीचे ते अकरा दिवस त्यांना स्वस्थ बसू देईनात. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. भूक काय असते हे पुस्तकातून शिकावे लागत नव्हते; भुकेल्या मुलींची खरेदी-विक्री कशी होते, हेही त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. जवळजवळ तीनशे मुलीबाळींना त्यांनी आणले. तेवढ्यात पुण्यात प्लेगचा कहर झाला आणि एवढ्या मुली शहरात ठेवण्यास मज्जाव झाला. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी शेतीसाठी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. तेथे तंबू आणि छपरे उभारून वस्ती सुरू झाली. तिला नाव मिळाले ‘मुक्ती’.

नवा संसार सोपा नव्हता. उपासमारीने खंगलेल्या मुली आजारी पडत, काही दगावत. कोणी पळून जात, कोणी अन्न लपवून ठेवत. उद्या मिळेल यावर विश्वास ठेवण्याची सवयच मोडलेली होती. १९०० साली गुजरातेतील दुष्काळानंतर वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, बागा लावल्या. हातमाग, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना सुरू झाला. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन निघाले. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविण्यात येऊ लागले. फुलहॅम येथे पाहिलेले ते दार रमाबाईंनी केडगावात उघडले होते. १८९८ नंतर ठराविक वर्गणीची हमी राहिली नाही, तरीही येणाऱ्या स्त्रीला परत पाठवावयाचे नाही, हा नियम त्यांनी सोडला नाही. उद्याच्या धान्यासाठी प्रार्थना करावी आणि आजच्या दिवसभर कष्ट करावेत, असा शिरस्ता होता. पिता देवाच्या चमत्काराची वाट पाहात रानात बसला होता; कन्येने प्रार्थना आणि श्रम यांची फारकत होऊ दिली नाही. पित्याच्या निष्ठेचा तिला आदर होता, पण त्या निष्ठेतील चूकही तिने ओळखली होती.

१९०५ च्या जून महिन्यात मुक्तीमध्ये धार्मिक जागृतीची मोठी लाट उसळली. शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करीत, आपले अपराध कबूल करीत. हा प्रकार अनेकांना, काही ख्रिस्ती धर्मोपदेशकांनाही, विचित्र वाटला. रमाबाईंनी त्याला आडकाठी केली नाही. दुष्काळात ज्यांना रडावयाचीही उसंत मिळाली नव्हती, त्यांच्या अश्रूंना येथे वाट मिळाली.

अखेरचे काम

आयुष्याची शेवटची सुमारे सतरा वर्षे रमाबाईंनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर. खेड्यातील स्त्रीला ते आकळत नाही, ही त्यांची तक्रार होती. मूळ ग्रंथ समजावा म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छपाई ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. पंडितांच्या सभेत संस्कृतातून बोलून जिने पदव्या मिळविल्या, तिने आपले उरलेले आयुष्य निरक्षर बाईला कळेल असा शब्द शोधण्यात वेचावे, यात त्यांच्या साऱ्या साधनेचे सार आहे. शब्दशः निष्ठेपायी हे भाषांतर कित्येक ठिकाणी ओबडधोबड झाले आहे, आणि वाङ्मय म्हणून त्याला मोठी प्रतिष्ठा लाभली नाही, हेही नमूद केले पाहिजे. डौलदार मराठी त्यांना लिहिता येत नव्हती असे नाही. १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवृत्त वाचणाऱ्याला त्यांची लेखणी किती प्रवाही होती ते कळते. येथे त्यांनी डौल बुद्ध्याच बाजूला ठेवला.

१९१९ साली सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. परंतु पुढची कसोटी उरलीच होती. मनोरमाबाई उच्च शिक्षण घेऊन आईच्या कामात समरस झाल्या होत्या. निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथेही त्यांनी मुलींच्या शिक्षणाचे कार्य सुरू केले होते. संस्थेचा भार त्यांच्यावर सोपवावा, असा बेत होता. १९२१ च्या जुलैत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे मिरजेस निधन झाले. सोळाव्या वर्षी आईची तिरडी डोक्यावर वाहिलेल्या रमाबाईंना त्रेसष्टाव्या वर्षी लेकीचा मृत्यू पाहावा लागला. रानातल्या त्या दिवसांत आप्तांच्या मृत्यूने त्यांचे देव हिरावून घेतले होते. या वेळी तसे झाले नाही. शोक थोडा होता म्हणून नव्हे. तो घेऊन कोठे जावयाचे, हे आता ठाऊक होते. त्या पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.

रमाबाईंच्या निधनानंतर त्यांच्या नावाभोवतीचा वाद हळूहळू निवळला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया आणि मुले यांना आसरा देते. त्यांचा धर्म सर्वांना पटावा अशी अपेक्षा त्यांनीही केली नसती; स्वतःला न पटलेले त्यांनी कोणाचे ऐकले नव्हते. मात्र त्यांच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट पंथभेदापलीकडे जाऊन मनाला भिडते. दुःखाने माणूस कडवट होतो, किंवा दुःख विसरून सुखाच्या आडोशाला जातो. रमाबाईंनी आपली भूक विसरली नाही आणि तिचा राग जगावर काढलाही नाही. ज्या अन्नासाठी त्यांचे आईवडील तळमळत गेले, ते अन्न त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींच्या पानात वाढले. गंगामूळच्या रानातून पेटाऱ्यात बसून निघालेल्या त्या मुलीची यात्रा केडगावच्या माळावर पुरी झाली. तीर्थ तेथे आधीपासून नव्हते. ते त्यांच्या हातांनी झाले.